रुग्णाच्या उशाशी सुईदोरा

कोणत्याही मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेर तासभर उभे राहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. आतल्या रुग्णांसाठी डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, यंत्रे आहेत, नियम आहेत. बाहेर बसलेल्या माणसांसाठी मात्र एका बाकाखेरीज काहीही नाही, आणि पुष्कळदा तोही पुरेसा नसतो. रुग्णालयाच्या भाषेत या माणसांना 'नातेवाईक' म्हणतात. 'अमुक पेशंटचे नातेवाईक कोण?' अशी हाक दारातून आली की पाचसहा माणसे एकदम उठून उभी राहतात, आणि नाव आपले नाही असे कळताच पुन्हा खाली बसतात. औषधांची चिठ्ठी, रक्ताची पिशवी, कुठल्याशा कागदावर सही, एवढ्यापुरतीच त्यांची गरज. दोन हाकांच्या मधला वेळ कसा काढावयाचा, हे त्यांचे त्यांनी पाहावे.

या बाकांवर बसणाऱ्या स्त्रियांपैकी एखादी पिशवीतून कापडाचा तुकडा काढते, सुईत दोरा ओवते आणि टाके घालू लागते. येणारे-जाणारे तिच्याकडे एका विशिष्ट नजरेने पाहतात. घरात एवढे संकट कोसळले असता हिला भरतकाम सुचते कसे, असा प्रश्न त्या नजरेत असतो. ती नजर मला चांगली परिचयाची आहे, कारण एके काळी ती माझीच होती.

कसे सुचते?

२०१९ च्या पावसाळ्यात माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. त्यांचे वय तेव्हा ७८ होते. तालुक्याच्या गावाहून त्यांना शहरातील एका मोठ्या रुग्णालयात आणले, आणि पुढले २३ दिवस आमच्या कुटुंबाचे बिऱ्हाड त्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होते. पहिले ९ दिवस वडील अतिदक्षता विभागात होते. मी व माझा धाकटा भाऊ रजा काढून आळीपाळीने येत-जात असू. आई मात्र तेथून हलत नसे.

चौथ्या दिवशी तिने घरून एक पिशवी मागवली. तीत मॅटीच्या कापडाचा अभ्रा, पाच रंगांच्या दोऱ्यांच्या लडी, बोथट टोकाच्या दोनचार सुया आणि एक लहान कातर एवढे सामान होते. अभ्र्यावर फुलीच्या टाक्याने मोरांची जोडी भरावयाची होती. एक मोर घरी असतानाच पुरा झाला होता. दुसऱ्याची मान तेवढी झाली होती. आई भिंतीला टेकून बसे, अभ्रा गुडघ्यावर घेई आणि कापडाची घरे मोजीत एकेक फुली घालीत जाई. दारातून हाक आली की सुई कापडात खोचून उठे.

सहाव्या दिवशी माझ्या आत्या समाचाराला आल्या. आईच्या हातातील रंगीत दोरा पाहून त्या क्षणभर थबकल्या आणि म्हणाल्या, 'वहिनी, अशा वेळी तुम्हांला हे सुचतं तरी कसं?' त्यांच्या स्वरात रोष नव्हता, नवल होते. परंतु बाकावरील दोघाचौघांनी माना वळवून पाहिले आणि मी शरमलो. जन्मभर शिक्षकी पेशा केलेल्या माणसाला लोक काय म्हणतील याचे भय जरा अधिकच असते. आत्या गेल्यावर मी आईला हलक्या आवाजात म्हणालो, 'आई, ठेव ना ते आत.' तिने सुई कापडात खोचली, अभ्र्याची घडी केली आणि ती पिशवीत ठेवली. एक शब्दही ती बोलली नाही.

पुढचे दोन दिवस ती नुसती बसून होती. पदराचा काठ बोटांभोवती गुंडाळी आणि सोडी. दर दहा मिनिटांनी दाराशी जाऊन काचेतून आत पाही. पहारेकरी तिला दोनदा रागावला. डब्यातले अन्न तसेच परत गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला घेरी आली; तपासले तेव्हा रक्तदाब बराच वाढलेला होता. डॉक्टरांनी गोळी दिली, थोडे पडून राहण्यास सांगितले. रात्रपाळीला आलेल्या परिचारिकेने तिला ओळखले. ती सहज म्हणाली, 'आजी, तुमचा मोर कुठं गेला? मी रोज येताना बघत होते, कुठवर आला ते.'

पिशवी आईच्या पायाशीच होती. मी अभ्रा काढून तिच्या हातात दिला. तिने तो उलगडला, माझ्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाली, 'दोरा ओवून दे. रात्री दिसत नाही मला.' त्या दिवसापासून रात्री घरी जाण्यापूर्वी सगळ्या सुयांत दोरे ओवून त्या कापडाच्या कडेला टोचून ठेवणे हे माझे काम झाले.

हौस आणि आधार

आत्यांनी विचारलेला प्रश्न त्यांचा एकटीचा नव्हता, आपल्या समाजाचा होता. म्हणूनच त्याचा विचार केला पाहिजे. आई ज्या बाकावर बसे त्याच बाकावर एक वृद्ध गृहस्थ दिवसभर जपमाळ ओढीत बसत. त्यांना 'कसे सुचते' असे कोणी विचारले नाही, आणि विचारू नये हे योग्यच होते. परंतु एक मणी पुढे सरकवणे आणि एक फुली पुढे घालणे या दोन क्रियांत बसणाऱ्याच्या मनापुरता भेद कितीसा आहे? दोहोंत मोजणी आहे, लय आहे. मन भलत्या वाटेने निघाले की त्यास हाताशी परत आणणारा एक धागा दोन्हींत आहे. जपमाळेला आपण श्रद्धेच्या खात्यात घालतो, भरतकामाला हौसेच्या. आणि हौस म्हटली की ती सुखाच्या दिवसांत करावयाची, दुःखाच्या दिवसांत गुंडाळून ठेवावयाची, असा आपला अलिखित नियम आहे. आईला ज्या टाक्यांचा आधार वाटत होता, त्यांत आम्हांला केवळ हौस दिसली. चूक तेथे झाली.

वाट पाहणे हे वस्तुतः फार कष्टाचे काम आहे. त्यात शरीर बांधलेले असते आणि मन मोकाट असते. रुग्णालयात वाचन होत नाही, हे ज्याने प्रयत्न केला आहे तो सांगेल. एकच ओळ चारदा वाचावी आणि पाचव्यांदाही अर्थ लागू नये, अशी स्थिती होते. हल्ली बहुतेकांच्या हातात मोबाइल असतो. पण त्यावर दर क्षणी कोणी तरी समाचार विचारतो, कोणी उपचार सुचवतो, आणि आपण स्वतः रोगाचे नाव घालून नको ते वाचत बसतो. वाट पाहणाऱ्याच्या चिंतेत त्याने भरच पडते.

भरतकामाचे तसे नाही. त्यात एक गुण असा आहे की जो मी तेथे बसून प्रत्यक्ष पाहीपर्यंत माझ्या लक्षात आला नव्हता. ते कोणत्याही क्षणी थांबवता येते आणि थांबवल्याने काही बिघडत नाही. पुस्तकातील वाक्य अर्धवट सुटले तर अर्थ सुटतो. फुली अर्धी राहिली तर ती अर्धीच तेथे थांबते आणि परत येईपर्यंत वाट पाहते. शिवाय हात व डोळे गुंतलेले असले तरी कान मोकळे राहतात. ज्याला कोणत्याही क्षणी हाक येणार आहे त्याला याहून सोयीचे काम कोणते? आई टाके घालत असताना एकदाही आमच्या नावाची हाक तिच्याकडून चुकली नाही. रिकामी बसलेली असताना मात्र ती इतरांच्या हाकांनाही दचकून उठत होती.

आणखीही एक गोष्ट आहे. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसलेल्या माणसाच्या हाती काहीच नसते. उपचार दुसऱ्याच्या हाती, बातमी दुसऱ्याच्या हाती, आत जाण्याची परवानगीही दुसऱ्याच्या हाती. अशा वेळी काल मोराचा एक पंख झाला होता, आज दोन झाले, एवढी तरी प्रगती ज्यात आपल्या हाताने होते आणि डोळ्यांना दिसते असे काही असणे, ही लहान बाब नव्हे.

इतिहासातील दाखले

जाणत्यांनी हे पूर्वीच ओळखले होते. आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे 'नोट्स ऑन नर्सिंग' हे पुस्तक १८५९-६० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. अंथरुणास खिळलेल्या माणसाला एकाच भिंतीकडे पाहत राहिल्याने होणारा त्रास त्यांनी त्यात मोठ्या सहानुभूतीने वर्णिला आहे. थोडे सुईकाम, थोडे लेखन, थोडी साफसफाई रुग्णास करता आली असती तर त्याला केवढा विसावा मिळाला असता, असे सांगून त्या निरोग्यांकडे वळतात आणि बजावतात की, तुम्हां धडधाकट माणसांनाही याच गोष्टींचा विसावा असतो, तो तुमच्या ध्यानात येत नाही इतकेच. युद्धकाळात लष्करी इस्पितळात ज्यांनी शुश्रूषा केली त्या बाईंचे हे निरीक्षण आहे.

सुईकाम हे केवळ स्त्रियांच्या स्वभावाला मानवते, हाही समज खरा नव्हे. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या ब्रिटिश सैनिकांना इस्पितळात भरतकाम शिकवण्यात आले. अपंग सैनिकांच्या भरतकामासाठी १९१८ साली तेथे एक स्वतंत्र संस्थाच उभी राहिली. जखमी सैनिकांनी भरलेले एक वस्त्र लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये वेदीसाठी वापरले गेले. ज्या हातांनी बंदुका धरल्या होत्या त्या हातांना सुई धरण्यात कमीपणा वाटला नाही.

वाट पाहणाऱ्यांच्या टाक्यांचा याहूनही हृदयस्पर्शी दाखला दुसऱ्या महायुद्धात सापडतो. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडले. तेथील युरोपीय स्त्रिया व मुले यांना चांगी येथील तुरुंगात डांबण्यात आले. त्यांपैकी अनेकींचे पती अन्यत्र, युद्धकैद्यांच्या छावणीत होते. कोण जिवंत आहे, कोण आजारी आहे, हे कळण्यास मार्ग नव्हता. एथेल मुलव्हेनी या कॅनेडियन बाईंच्या पुढाकाराने कैदेतील स्त्रियांनी कापडाच्या एकेका चौकोनावर आपले नाव आणि मनातील काहीबाही भरले. ६६ चौकोन जोडून एक, अशा तीन गोधड्या तयार झाल्या. त्या छावणीच्या इस्पितळाकडे पाठवण्यात आल्या. आजारी सैनिकांच्या अंगावरील त्या गोधड्यांवर नावे होती, आणि नाव असणे म्हणजे ती स्त्री जिवंत असणे. यांपैकी दोन गोधड्या आज कॅनबेरा येथील युद्धस्मारकाच्या संग्रहात आहेत, तर तिसरी ब्रिटिश रेडक्रॉसकडे आहे. दाराच्या एका बाजूस वाट पाहणारी स्त्री आणि दुसऱ्या बाजूस रुग्णशय्येवरील पुरुष, यांच्यामध्ये टाक्यांखेरीज दुसरी भाषा तेव्हा उरली नव्हती.

आपल्याकडेही जुनी लुगडी व धोतरे एकावर एक रचून धावदोऱ्याने शिवलेल्या गोधडीखाली कित्येक पिढ्यांनी आपली दुखणी काढली आहेत. ती शिवणाऱ्या हातांना कोणी कलावंत म्हटले नाही, ही गोष्ट वेगळी.

कौतुकाने झाकू नये

येथे एक सावधगिरीची सूचना स्वतःलाच देणे अवश्य आहे. बाकावर टाके घालीत बसलेल्या स्त्रीचे कौतुक करणे सोपे आहे, आणि त्या कौतुकाच्या आड तिला तेथे तसे बसावे का लागते हा प्रश्न दडपून टाकणेही तितकेच सोपे आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे अध्यापन-रुग्णालयाच्या सामान्य कक्षात ३ रुग्णांमागे १ आणि अन्य रुग्णालयांत ५ रुग्णांमागे १ परिचारिका असावयास हवी. वडिलांना सामान्य कक्षात हलवल्यानंतर एका रात्री मी मोजले. २८ खाटा होत्या आणि परिचारिका दोन. त्या दोघी क्षणभरही बसल्या नाहीत. त्यांच्याविषयी माझी काडीइतकी तक्रार नाही. परंतु रुग्णाला कुशीवर वळवणे, अंग पुसणे, भरवणे, भांडे देणे, सलाइनची बाटली संपत आली की हाक मारणे, ही सारी कामे नातेवाईक करीत होते, आणि नातेवाईक म्हणजे दहापैकी सात खाटांजवळ बायकाच होत्या. पुरुष चिठ्ठी घेऊन खाली जात, पैशांची जुळवाजुळव करीत, आणि टपरीवर चहा घेऊन मोकळा श्वासही घेऊन येत. मीही त्यांतलाच. बसून राहण्याचे काम बायकांकडे होते, आणि ते काम आहे असे कोणी धरीत नव्हते.

करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ साली, रुग्णाजवळ बसण्यास नातेवाइकांना मनाई झाली, तेव्हा प्रथमच अनेकांना या बसण्याची किंमत कळली. सोबतीचे माणूस नाही म्हणजे काय, हे रुग्णांनी सोसले आणि घरच्यांनीही. ती साथ ओसरली, निर्बंध उठले, आणि नातेवाईक पुन्हा त्याच बाकांवर येऊन बसले. बाक मात्र होते तसेच राहिले.

सोबतीच्या माणसाला रुग्णालयाच्या व्यवस्थेत स्थान देणे अशक्य आहे असे नाही. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. त्यांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत परळच्या टाटा रुग्णालयात उपचारांसाठी आलेल्या परगावच्या रुग्णांची व त्यांच्या माणसांची सोय होते. स्वतः चिंध्यांचे वस्त्र पांघरणाऱ्या त्या महापुरुषाला, घरापासून दूर आलेल्या माणसाला प्रथम पाठ टेकावयास जागा लागते, हे पक्के ठाऊक होते. अलीकडे, २०१४ साली स्थापन झालेल्या नूरा हेल्थ या संस्थेने रुग्णाच्या घरच्यांना रुग्णालयातच शुश्रूषेचे प्राथमिक धडे देण्याचा उपक्रम भारतात चालवला आहे. नातेवाईक म्हणजे गर्दी न मानता शुश्रूषेतील भागीदार मानावयाचे, ही त्यामागील दृष्टी आहे.

ही दृष्टी अंगीकारण्यास मोठ्या खर्चाची इमारत लागत नाही. पाठ टेकता येईल असा बाक, रात्री सुईत दोरा ओवता येईल इतका उजेड, पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी जवळ व स्वच्छ असे स्वच्छतागृह, आणि दिवसातून एका ठरलेल्या वेळी डॉक्टरांनी येऊन पाच मिनिटे बोलणे, एवढ्याने बाहेरील माणसाची निम्मी यातना कमी होईल. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्मिळ आहे. आज बातमी केव्हा कळेल हे ठाऊक असले म्हणजे उरलेला वेळ माणूस कसाही काढतो. ते ठाऊक नसले की प्रत्येक मिनिट दाराकडे पाहण्यात जाते. भरतकामाचे म्हणाल तर त्यासाठी रुग्णालयाने काहीच करावयास नको. सुई रुग्णाच्या खाटेवर नेऊ नये, जमिनीवर पडू देऊ नये, एवढा नियम पुरे. आमच्या वॉर्डातील परिचारिकेने आईला तेवढेच सांगितले होते, आणि आई रोज झोपण्यापूर्वी सुया मोजून ठेवीत असे.

वडील २३ व्या दिवशी घरी आले. त्यानंतर ते चौदा महिने होते. उजवा हात आणि वाचा पूर्ववत झाली नाही, परंतु माणसे ओळखत, हसत. त्यांच्या उशीला तोच अभ्रा असे. आई त्यावर बोट ठेवून दाखवी: हे टाके आवळून आले आहेत, कापड चुरगळल्यासारखे झाले आहे, ते आत असतानाचे, येथून पुढे हात सैल पडला, तो वॉर्डात आणल्यावर. दुसऱ्या मोराच्या पिसाऱ्यात त्या मुक्कामाची सारी दैनंदिनी होती. ज्या दोन दिवसांत माझ्या सांगण्यावरून ती रिकाम्या हातांनी बसली होती, त्यांची खूण मात्र त्यात कोठेही नव्हती. ते दोन दिवस तिने कसे काढले हे मी तिला कधी विचारले नाही, आणि तिने सांगितले नाही.

रुग्णालयाच्या बाकावर सुईदोरा घेऊन बसलेली एखादी स्त्री वाचकांना केव्हा तरी दिसेल. आपल्यापैकी प्रत्येकाला त्या बाकावर कधी ना कधी बसावयाचे आहे. तिला हे सुचते कसे, असे विचारू नये. उजेड कमी असेल तर जवळ जावे आणि विचारावे, 'दोरा ओवून देऊ का?'